अव्वाचा डोळा आणि माझं पाखंड

‘पाखंडी’ हा शब्द आमच्या घरात दिवसातून आठ-दहा वेळा तरी उच्चारला जातो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा तो माणसाला उद्देशून नसतो. अव्वा, म्हणजे माझी आई बसव्वा, पूजेला बसलेली असताना शिट्टी मारणारा कुकर पाखंडी. पूजेच्या मध्येच बंद पडणारा पंखा पाखंडी. नैवेद्याच्या केळ्यावर बसणारी माशी पाखंडी, आणि त्या माशीमागे फडकं घेऊन धावणारी माझी बायको शिवलीला माशीहून पाखंडी, कारण देवासमोर जीवहत्या. माझा नंबर साधारण सकाळी सातला लागतो, पेपर वाचत चहा पिताना.

आता मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं मराठी शिकवतो. शब्द भलत्या जागी वापरलेला ऐकला की मला अंगावर पाल पडल्यासारखं होतं. म्हणून एका रविवारी शाळेच्या ग्रंथालयातला जाडजूड कोश मी स्कूटरच्या डिकीत घालून घरी आणला आणि अव्वाला समोर बसवून रीतसर धडा घेतला. हा शब्द मूळचा अगदी सभ्य, असं मी तिला सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत तो नुसता ‘पंथ’ अशा अर्थाने येतो, त्यात कुणाची निंदा नाही. पुढे बिचारा घसरला, आणि धर्माविरुद्ध वागणारा तो पाखंडी झाला. आणखी घसरला, तेव्हा धर्माचं सोंग आणणारा, ढोंगी, तो पाखंडी झाला. कुकरला मुळात धर्मच नाही, तर तो सोडणार काय आणि सोंग कशाचं आणणार?

अव्वाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एवढं शिकून कुकरची बाजू घेतूस. पाखंडी हायस.”

आमच्या घरातलं भाषाशिक्षण तिथे थांबलं. पण हा शब्द मला खरोखर कळला तो पुढे, एप्रिल महिन्यात, एका डोळ्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, आणि त्यासाठी कोश लागला नाही.

अव्वाला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला जास्त. दोन वर्षं आम्ही ऑपरेशन कर म्हणत होतो आणि दोन वर्षं ती “बघू की” म्हणत होती, जे तिला जमण्यासारखं नव्हतंच. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याला इष्टलिंग देतात. ते दोऱ्यात बांधून गळ्यात घालायचं आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज आंघोळ झाली की ते काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं आणि मग त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. खरी पूजा ती बघण्यातच असते. अव्वाची ही पूजा पाऊणएक तास चालते, आणि त्या वेळात घरात चमचासुद्धा जपून ठेवावा लागतो.

दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी मी तिच्या खोलीत चष्मा शोधायला गेलो. अव्वा पूजेला बसली होती. हात पुढे धरलेला, तळहातावर लिंग, आणि जाईचं फूल होतं मनगटावर. लिंगावर ठेवायचं फूल तिने चार बोटं अलीकडे ठेवलं होतं आणि त्या फुलाच्याही पलीकडे कुठेतरी ती एकटक बघत होती. मी चष्मा न घेताच बाहेर आलो. ऑपरेशन करायचंच, हे मी त्या दिवशी ठरवलं, फक्त अव्वाला ते पटायला एप्रिल उजाडला.

होटगी रोडवरच्या एका दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारे होते. मोतीबिंदू पिकलाय, आता लांबवलं तर अवघड होईल, म्हणाले. तारीख मिळाली गुरुवारची. त्यानंतर ते महिनाभर नसणार होते, आणि अव्वाचा होकार महिनाभर टिकेल याची मला खात्री नव्हती. सगळं जुळलं. मग तिथल्या मुख्य सिस्टर, रेश्मा सिस्टर, कागद भरता भरता म्हणाल्या, “अम्मा, ऑपरेशनच्या दिवशी अंगावर काही ठेवायचं नाही हां. बांगड्या, डोरलं, गळ्यातलं, सगळं काढून यायचं.”

“गळ्यातलं म्हंजे?”

“हे दोऱ्यातलं पण.”

अव्वा उठली आणि ताठ मानेने निघून गेली. म्हणजे जायला निघाली. दरवाजा काचेचा होता, तो तिला दिसला नाही. कपाळाला टेंगूळ आलं तरी ती मागे वळली नाही, मीच चपला हातात घेऊन मागे धावलो.

पुढचे तीन दिवस आमचं घर म्हणजे सल्ला केंद्र झालं होतं. शेजारचे चनमल्लप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही अडचण ही मुळात नटबोल्टची अडचण असते, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांनी आधी लिंग अंबाड्यात बांधायला सांगितलं. डोक्याला टोपी घालतात, कळणार नाही. अव्वा म्हणाली, “चोरून न्यायला त्ये गांजा हाय का?” मग त्यांनी तोंडात धरायला सुचवलं. डॉक्टरांनी काही विचारलं आणि अव्वाने उत्तर दिलं तर काय होईल, याचा विचार आम्ही तिघांनी बराच वेळ केला. शेवटी ते म्हणाले पायाला बांधा, पायाकडे कोण बघतंय. त्यावर अव्वाने त्यांना जो शब्द वापरला तो वाचकांच्या लक्षात आलाच असेल. पलीकडच्या निंगव्वाकाकूंनी गाजराचा रस सांगितला. त्यांच्या जावेचा मोतीबिंदू त्याने विरघळला होता. जाऊबाई वारल्यामुळे खात्री करता आली नाही.

शेवटी गल्लीतल्या स्वामींना बोलावलं. आमच्या घरातली बारशापासूनची सगळी कार्यं तेच करतात. दोन कप चहा झाल्यावर त्यांनी तोडगा सांगितला. लिंग खाली ठेवायचं नाही, परक्याच्या हाती द्यायचं नाही. पण रक्ताच्या माणसाने, ज्याच्या स्वतःच्या गळ्यात लिंग आहे अशाने, आंघोळ करून, उपाशीपोटी, डाव्या तळहातावर तेवढा वेळ धरलं तर चालेल. हे शास्त्रात आहे की स्वामींनी चहाबरोबर तयार केलं ते मी विचारलं नाही. अव्वाचा चेहरा मात्र उजळला.

“मग काय,” ती म्हणाली. “आमचा गुरुलिंग धरंल की.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिवलीलानेही बघितलं, पण तिचं बघणं वेगळं होतं.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे, जी शिवलीला सोडून कुणाला माहीत नव्हती. माझं इष्टलिंग बावीस वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये होतं. आमची आरोही, जी आता पुण्यात नोकरी करते, तीन वर्षांची असताना माझ्या गळ्याला लोंबकळली आणि दोरा तुटला. नवा दोरा स्वामींकडून बांधून घ्यायचा, रविवारी जाऊ, असं मी म्हणालो. तोवर पोरीच्या हाती लागू नये म्हणून शिवलीलाने ते तिच्या पाटल्यांबरोबर लॉकरमध्ये ठेवलं. तो रविवार काही उगवला नाही. एका रविवारी पेपर तपासायचे होते, एका रविवारी पाहुणे आले, आणि पुढे पुढे आता स्वामींना काय सांगायचं याची लाज वाटायला लागली. माझ्या नावात गुरूही आहे आणि लिंगही आहे, गळ्यात मात्र बनियनच्या पट्ट्यांखेरीज काही नव्हतं. अव्वाला माझ्या सदऱ्याच्या आतलं कुठून दिसणार?

सोमवारी मी बँकेत गेलो. बँकेची शाखा मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन होऊन दोन चौक पलीकडे गेली होती, हे मला जुन्या इमारतीतल्या मोबाईलवाल्याने सांगितलं. नव्या शाखेतल्या साहेबांनी माझं नाव संगणकात शोधलं आणि वाईट बातमी देणाऱ्या माणसाचा चेहरा केला. मी लॉकरचा नवा करार केलेला नव्हता. तो स्टॅम्प पेपरवर करायचा, दोघांच्या सह्या, दोघांचे फोटो, दोघांची आधार कार्डं. मंगळवारी आम्ही दोघं गेलो. तर लॉकरवर मी गुरुलिंग होतो आणि आधारवर गुरूलिंगप्पा. आधार कार्डावरच्या त्या दीर्घ रूवर मी पाच मिनिटं बोललो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि दोन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं.

बुधवारी प्रतिज्ञापत्र झालं. साहेब किल्ली घेऊन आले. त्यांची किल्ली फिरली, माझी अर्धी फिरली आणि अडकली. त्यांनी जोर लावला, मी जोर लावला, शिपायाने तेल सोडलं. शेवटी किल्लीचा कान माझ्या हातात आणि उरलेली किल्ली लॉकरच्या पोटात राहिली.

“कंपनीचा माणूस पुण्याहून येईल,” साहेब म्हणाले. “आठवडा धरा.”

“साहेब, उद्या सकाळी लागणार आहे.”

“काय आहे आत?”

“देव आहे.”

“मग काळजी कशाला करताय? सुरक्षित आहे,” असं म्हणून ते जेवायला गेले.

घरी आल्यावर चनमल्लप्पांनी ड्रिल मशीन घेऊन बँकेत यायची तयारी दाखवली. ती मी नम्रपणे नाकारली. सिद्धेश्वर मंदिराजवळच्या दुकानात नवं लिंग मिळतं, पण गुरूने हाताने दिल्याशिवाय तो नुसता दगड, आणि स्वामी एका लग्नासाठी अक्कलकोटला गेले होते ते शुक्रवारी येणार होते. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. समोर फोडणीच्या सामानात हिंगाची छोटी, गोल, प्लॅस्टिकची डबी होती. आकार बरोबर वाटला. ती मी पांढऱ्या कापडात बांधली, दोरा ओवला आणि गळ्यात घातली. सदऱ्यावरून चाचपलं तर कुणालाही संशय आला नसता.

शिवलीला पोळ्या लाटायची थांबली. “अहो, हे बरोबर नाही.”

“तिला दिसत नाही ना पण.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

मला ते लागलं. पण माणूस एकदा मोहिमेवर निघाला की बायकोचं बरोबर असणं ही त्याला किरकोळ अडचण वाटते. गुरुवारी पहाटेच मी उठलो, नळाचं पाणी दोन दिवसांपूर्वी आलेलं होतं ते काटकसरीने अंगावर घेतलं, धोतर नेसलो, खांद्यावर उपरणं टाकलं, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढले. आरशात बघून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. अव्वाची पूजा त्या दिवशी तासाच्या वर चालली. शेवटी तिने लिंगावरून अंगठा फिरवला, दोनदा, तीनदा, आणि गळ्यात घातलं. रिक्षात सात रस्ता चौकाच्या वळणावर ती म्हणाली, “कुटंतरी फोडणी घालायलेत.”

सोलापूरचा एप्रिल, रिक्षातली गर्दी, अंगावर उपरणं. मला घाम फुटला होता आणि घामाबरोबर हिंगही.

दवाखान्यात अव्वाच्या डोळ्यात दर दहा मिनिटांनी थेंब घालायला सुरुवात झाली. मी व्हरांड्यात ताठ बसलो होतो. समोर मोहोळकडचे एक म्हातारे शेतकरी बायकोला घेऊन आले होते. त्यांनी माझे पट्टे बघितले, धोतर बघितलं आणि येऊन वाकून नमस्कार केला. “स्वामी, थोरल्या पोराचं लगीन काय जमंना झालंय. बगा की जरा.” मी स्वामी नाही, मराठीचा मास्तर आहे, असं सांगणं अगदी सोपं होतं. पण बाकावरची आणखी चार माणसं हात जोडून बघत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माघात जमेल.” म्हाताऱ्याने बायकोला हाक मारली आणि तिनेही नमस्कार केला. शिवलीला उठून लांबच्या बाकावर जाऊन बसली.

“बसव्वा बिराजदार,” रेश्मा सिस्टरांनी पुकारलं.

अव्वाला हिरवा झगा घातला होता, डोक्याला टोपी. त्या झग्यात ती फार लहान दिसत होती. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी तिने दोरा वर घेतला, लिंग मुठीत धरलं आणि थांबली.

“तुझं वर काढ,” ती म्हणाली. “तुझ्या लिंगाला टेकवून मग देते. म्हंजे माझ्या जिवाला बरं वाटंल.”

हे स्वामींनी सांगितलेलं नव्हतं. हे तिचं स्वतःचं होतं. मी काहीतरी पुटपुटलो, सिस्टर थांबल्यात वगैरे. पण तिने हात पुढे केला, माझ्या सदऱ्यात घातला आणि डबी पकडली. दोन वर्षं डोळ्यांऐवजी ज्या बोटांनी ती पूजा करत होती ती बोटं. कापडावरून ती एकदा फिरली, दुसऱ्यांदा कडेवर थांबली.

“हिच्या झाकणाला आटे हायत,” अव्वा म्हणाली. मग बोटं नाकाशी नेली. “हिंग.”

मोहोळचे म्हातारे अजून हात जोडून होते.

“तुझं कुटं हाय?”

“लॉकरमध्ये.”

“कधीधरनं?”

“बावीस वर्षं,” मी म्हणालो. कालची अडकलेली किल्ली सांगायची फार इच्छा झाली, पण बावीस वर्षांपुढे त्या किल्लीची काय कथा.

मी वाट बघत होतो. कुकरला, पंख्याला, माशीला जी बाई पाखंडी म्हणते, ती आता मला काय म्हणेल याची. तिने तो शब्द वापरला नाही. लिंग पुन्हा गळ्यात घातलं, भिंत चाचपत बाकावर येऊन बसली. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. कोशातला तिसरा अर्थ मी वर्गात शंभरदा सांगितला असेल, धर्माचं सोंग आणणारा तो पाखंडी. तो अर्थ धोतर नेसून, कपाळाला पट्टे ओढून, लोकांची लग्नं ठरवत इथे बसला होता.

“अम्मा, चला,” रेश्मा सिस्टर म्हणाल्या. “डॉक्टर वाट बघायलेत.”

“मी न्हाई येत.”

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी अव्वाच्या पायाशी फरशीवरच बसलो. धोतराचं काय होतंय ते बघायच्या मनःस्थितीत नव्हतो.

“अव्वा, माझं चुकलं. मला वाटलं, एकदा तुझा डोळा होऊन जाऊ दे, मग काय ते सांगू. तू पूजेला फूल मनगटावर ठेवतेस. लिंगावर ठेवत नाहीस, मनगटावर ठेवतेस आणि भलतीकडेच बघत बसतेस. मला ते बघवत नाही. दिवाळीपासून बघतोय.”

अव्वाने तोंड माझ्याकडे वळवलं. थेंबांनी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थेंबांचंच असावं.

“मनगटावर?”

“हो.”

“रोज?”

“बहुतेक रोज.”

“मग मला सांगितलं न्हाईस.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

तिने डाव्या हाताने उजवं मनगट चाचपलं, मग उजव्या हाताने डावं. मग इतक्या हळू बोलली की सिस्टरांनाही वाकून ऐकावं लागलं.

“ल्येका, मला भ्या वाटतंय. डोळ्यात सुरी घालत्यात म्हनं. दोन वर्सं मी त्या भ्यापायीच टाळायले. लिंग काढावं लागतंय म्हणल्यावर मला बरंच वाटलं. म्हणलं, आता देवाच्या नावानं सुटले.” तिने नाक ओढलं. “देव फुडं करून मी बी खोटंच बोलले की. तुझ्या त्या जाड्या पुस्तकात ह्यालाच पाखंड म्हणलंय न्हवं?”

“हो,” मी म्हणालो. कोशाशी मला खोटं बोलता येईना.

“मग बरूबर हाय पुस्तक.”

रेश्मा सिस्टर तिच्या शेजारी बसल्या. “अम्मा, सुरी दिसत पण नाही. भूल दिलेली असते. मी तुमचा हात धरून उभी राहते, चालेल?”

“तू हात धरशील?”

“शेवटपर्यंत धरते ना.”

अव्वाने दोरा पुन्हा वर घेतला. मला म्हणाली, “हात धुऊन ये.” मी धावत जाऊन धुऊन आलो आणि तळहात पुढे केला. मग स्वामींची अट आठवली. “अव्वा, पण ज्याच्या गळ्यात लिंग आहे त्यानेच, असं स्वामी म्हणालेत.”

“स्वामीला डोळे हायत,” अव्वा म्हणाली. “गळ्यात न्हाई तर न्हाई, हातात तर धर. खाली ठिवू नगं.” आणि तिने लिंग माझ्या तळहातावर ठेवलं. सिस्टरांनी तेवढ्यात माझ्या गळ्यातली डबी काढून घेतली आणि पेशंटचे दागिने ठेवायच्या पिशवीत घालून पावतीवर लिहिलं, ‘हिंग डबी, एक’. मग दोघी आत गेल्या. आत जाताना अव्वाने सिस्टरांचा हात दोन्ही हातांनी धरला होता.

वीस मिनिटांचं काम, असं सांगितलं होतं. आधीच्या पेशंटचं बीपी चढल्यामुळे बराच वेळ झाला. त्या वेळात डावा हात पुढे धरून बसणं म्हणजे काय, हे बसल्याशिवाय कळत नाही. आधी एका कागदावर सही हवी होती. शिवलीलाने जवळ येऊन कागद धरला, मी उजव्या हाताने सही केली, ती ‘गुरुलिंग’ अशी झाली का ‘गुरूलिंगप्पा’ अशी, देव जाणे. मग खिशातला फोन वाजला. शिवलीलाने काढून कानाला लावला. बँकेचे साहेब होते, पुण्याचा माणूस बुधवारी येतोय म्हणाले. मग नाकावर माशी बसली. मोहोळच्या म्हाताऱ्यांनी ती आपल्या टोपीने हाकलली. मी त्यांना म्हणालो, “बाबा, मी स्वामी नाही. मास्तर आहे. तुमच्या मुलाच्या लग्नाचं मला काही कळत नाही.”

“ऐकलं की मगाशी समदं,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ द्या. माघाचं बोललाय ते चांगलंच हाय.” आणि शेजारी बसून राहिले.

मग करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी तळहाताकडे बघितलं. काळं, गुळगुळीत, जांभळाएवढं. अजून कोमट होतं. अव्वाच्या अंगाची ऊब होती ती. लहानपणी मी तिच्या कुशीत झोपायचो तेव्हा हे माझ्या गालाला रुतायचं आणि मी कुरकुर करायचो. मग ती ते पाठीकडे सरकवून मला पुन्हा जवळ घ्यायची. हे मी इतकी वर्षं विसरलो होतो. अंगठा त्यावरून फिरवावासा वाटला, पण माझा तेवढा अधिकार आहे का ते कळेना, म्हणून नुसता बघत राहिलो. हात भरून आला, मग बधिर झाला, मग त्याचं काही वाटेनासं झालं.

शिवलीलाने माझा खांदा हलवला. “अहो, सिस्टर कधीच्या हाका मारतायत. तीनदा मारल्या.”

अव्वा दारात उभी होती. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, शेजारी सिस्टर. मी उठलो, पण हात काही खाली येईना. अव्वा पुढे आली, चाचपडत माझं कोपर शोधलं, तिथून मनगट, तिथून तळहात. लिंग उचलून गळ्यात घातलं. मग झग्यावर गुंडाळलेल्या पदराचं टोक घेऊन तिने माझा घामेजलेला तळहात पुसला, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, जेवल्यावर लहान मुलाचा पुसतात तसा.

“थरथरायलास,” ती म्हणाली. “सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या. चल. लॉकर उघडायला जाशील तवा बँकेत मी बी येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि विभूती डोळ्यात जाईल म्हणून लावायची नाही, असं बजावलेलं होतं. अव्वाने मानेखाली आंघोळ केली आणि घरी पूजा केली नाही. नंतर करते, म्हणाली. दवाखान्यात ही गर्दी. आमच्या मागे अकरा माणसं होती, त्यातल्या एका गृहस्थांची पुण्याची गाडी होती आणि ते दर मिनिटाला घड्याळ बघून ते सगळ्यांना सांगत होते.

डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला, समोर तीन बोटं धरली. “आजी, किती बोटं?”

अव्वाने बोटांकडे बघितलं नाही. तिने गळ्यातून दोरा वर घेतला, लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि हात डोळ्यासमोर आणला. थोडा लांब धरला, थोडा जवळ घेतला, मग एका जागी स्थिर केला.

“आजी?” डॉक्टर म्हणाले. बोटं तशीच वर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारातून पुण्याच्या गृहस्थांचं डोकं आत आलं. एरवी मी म्हणालो असतो, अव्वा, लोक खोळंबलेत. आज मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि तिच्या खांद्यावरून, ती बघत होती तिथे बघायला लागलो.

“आजी, दिसतंय का काही?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

“थांबा की,” अव्वा म्हणाली. “बघतीया.”